नाकाचा शेंडा, बरगडीचं कार्टिलेज आणि विम्याची फाइल: माझ्या ऑपरेशनचा अनुभव

माझ्या ऑपरेशनला नोव्हेंबरमध्ये वर्ष झालं आणि डॉक्टर मॅडमनी फाइलवर "पुढची तपासणी एक वर्षाने" असं लिहून मला मोकळं केलं, म्हणून आता लिहायला बसलेय. ऑपरेशनचं कागदावरचं नाव सेप्टोऱ्हायनोप्लास्टी विथ कॉस्टल कार्टिलेज ग्राफ्ट, म्हणजे बरगडीचं मऊ हाड (कार्टिलेज) काढून त्याच्या पट्ट्यांनी नाकाचा आतला पडदा आणि पुढचा शेंडा परत उभा करायचा. मी माहिती शोधत होते तेव्हा मराठीत जे काही सापडायचं ते सगळं "नाक सुंदर करा" याच अंगाने लिहिलेलं असायचं. ज्याला श्वासच नीट घेता येत नाही आणि ज्याच्या नाकात आधाराला काही शिल्लकच नाही अशा माणसाने काय करायचं, हे कोणी सांगत नव्हतं.

माझं मूळ दुखणं 1998 सालचं. मी नऊ वर्षांची, कराडजवळ आमचं गाव, आणि झोपाळ्याची फळी सरळ नाकावर बसली. रक्त आलं, थांबलं, नाक सुजलं, दोन्ही बाजूंनी बंद झालं. सगळे म्हणाले सूज आहे, उतरेल. चार-पाच दिवसांनी ताप चढला तेव्हा कराडला नेलं आणि तिथे नाकातून पू काढला. यात काय झालं होतं ते मला पंचवीस वर्षांनी समजलं. पडद्याच्या कार्टिलेजला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्याला सगळं पोषण वरच्या अस्तरातून मिळतं. मार लागून अस्तर आणि कार्टिलेज यांच्यामध्ये रक्त साठलं की ते पोषण तुटतं आणि तीन-चार दिवसांत कार्टिलेज मरायला लागतं, वर पू झाला तर आणखी लवकर. म्हणून लहान मुलांच्या आईवडिलांना मी आता कळकळीने सांगते, नाकाला मार लागून दोन्ही नाकपुड्या बंद झाल्या तर सूज उतरायची वाट बघू नका, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, साठलेलं रक्त वेळेत काढलं की पुढचं बहुतेक सगळं टळतं.

माझं टळलं नाही. वय वाढत गेलं तशी नाकाची दांडी मधोमध बसत गेली, शेंडा खाली ओघळला, नाकपुड्या आडव्या झाल्या. कॉलेजात लोक काय म्हणायचे ते सोडून देऊ, पण रात्री तोंड उघडं टाकून झोपायचं, सकाळी घसा कोरडा, जिना चढताना धाप, आणि सर्दी झाली की पंधरा दिवस डोकं जड. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की सगळ्यांना असंच होतं असं मला वाटायचं.

फेब्रुवारी 2024 मध्ये पुण्यात एका ईएनटीला दाखवलं. ते म्हणाले पडदा तिरका आहे, साधी सेप्टोप्लास्टी, म्हणजे पडदा सरळ करायचं ऑपरेशन करू, चाळीस मिनिटांचं काम. मी जवळजवळ तयार झाले होते, पण माझी नणंद फिजिओथेरपिस्ट आहे, ती म्हणाली वहिनी, एकदा दुसरं मत घे. मग मार्चमध्ये ज्या मॅडमकडे गेले त्या ईएनटी आणि त्यातून चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीचं काम करणाऱ्या. त्यांची फी 1,200 रुपये होती आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझ्या नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवून दाबलं. शेंडा थेट खालच्या हाडापर्यंत गेला आणि बोट काढल्यावर सावकाश वर आला. मग त्यांनी माझ्या नवऱ्याला स्वतःच्या नाकाचा शेंडा दाबायला सांगितलं, तो दबला पण बोट काढताच झटकन वर आला. नंतर मॅडमनी माझा शेंडा बोटाने जरा वर उचलून धरला आणि म्हणाल्या, आता श्वास घ्या. मी घेतला आणि मला रडूच आलं, कारण इतकी हवा नाकातून आत जाते हे मला माहीतच नव्हतं.

त्यांनी समजावलं ते असं. शेंड्याला आधार तीन मोठ्या गोष्टींचा असतो: शेंड्याच्या स्वतःच्या दोन कमानीसारख्या कार्टिलेजचा कणखरपणा, त्या कमानींचे मधले पाय पडद्याच्या पुढच्या कडेला जिथे टेकतात तो सांधा, आणि कमानींची वरच्या कार्टिलेजशी असलेली जोडणी. 1969 मध्ये अँडरसन नावाच्या सर्जननी हे तिवईसारखं मांडलं, दोन बाजूंचे दोन पाय आणि मधले दोन मिळून तिसरा. कोणता पाय लांब, कोणता आखूड यावर शेंडा वर जाणार की खाली ते ठरतं. माझ्यात मधल्या पायाला टेकायला पडदाच उरला नव्हता. अशा नाकात साधी सेप्टोप्लास्टी करून आणखी कार्टिलेज काढलं असतं तर उरलेलंही खाली बसलं असतं. निरोगी पडद्याचं ऑपरेशन करतानासुद्धा वरून आणि पुढून साधारण एक ते दीड सेंटीमीटरची इंग्रजी एल आकाराची पट्टी जागेवर ठेवायची असते, तीच नाक धरून ठेवते.

एप्रिलमध्ये सायनसचा सीटी स्कॅन केला (4,500 रुपये), दुर्बिणीने तपासणी झाली (1,800) आणि फोटो काढले. समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरके, आणि मान मागे टाकून खालून. खालून काढलेला फोटो बघताना मी मान फिरवली होती, पण पुढे विम्यासाठी तोच सगळ्यात कामाला आला. एक पाच प्रश्नांचा फॉर्मही भरून घेतला, त्याला नोज स्कोअर म्हणतात: नाक चोंदणं, बंद होणं, श्वासाला त्रास, झोपेला त्रास, व्यायामाच्या वेळी हवा कमी पडणं. प्रत्येकाला शून्य ते चार मार्क आणि बेरजेला पाचाने गुणायचं. माझा आला 85, शंभरपैकी. हा फॉर्म तुमच्या डॉक्टरांनी दिला नाही तर मागून घ्या, आणि ऑपरेशनच्या आधीच भरा, कारण नंतर "किती फरक पडला" हे नुसतं आठवून सांगता येत नाही.

मग खरा प्रश्न आला, कार्टिलेज आणायचं कुठून. पहिली पसंती नेहमी पडद्याच्या कार्टिलेजची, सपाट, सरळ, आणि तिथेच काम चाललेलं असतं म्हणून वेगळी जखम नाही. माझ्याकडे ते नव्हतंच. दुसरा पर्याय कानाचा. कानामागून काढतात, कानाचा आकार बिघडत नाही, पण ते कार्टिलेज मुळातच वळलेलं आणि मऊ असतं. शेंड्यावर छोटा थर द्यायला किंवा नाकपुडीच्या कडेला ते छान चालतं, मात्र पूर्ण नाक तोलायला कमी पडतं. तिसरा बरगडीचा, भरपूर आणि कणखर, पण छातीवर व्रण, दुखणं जास्त, फुप्फुसाच्या आवरणाला छिद्र पडायचा थोडा धोका आणि पुढे पट्टी वाकण्याची शक्यता. सिलिकॉन वगैरेचं मी विचारलं तर मॅडम म्हणाल्या, शेंड्याला सतत हालचाल आणि ताण असतो, कातडी पातळ असते, बाहेरची वस्तू तिथे इन्फेक्ट होऊ शकते, कातडीतून बाहेरही येऊ शकते, मी तुमच्या शेंड्यात ते वापरणार नाही. मला हे स्पष्ट बोलणं आवडलं.

पट्टी बसवायचेही प्रकार असतात आणि हे मी नीट समजून घेतलं, तुम्हीही घ्या. एक म्हणजे कॉल्युमेलर स्ट्रट, दोन नाकपुड्यांच्या मधल्या पट्टीत, कमानींच्या मधल्या पायांमध्ये एक उभी काडी शिवून टाकायची. ती पायांना बळ देते, पण खाली कशाला पक्की बांधलेली नसते, त्यामुळे शेंडा बराचसा नैसर्गिक हलतो आणि काळाने थोडा खाली येऊ शकतो. दुसरा सेप्टल एक्स्टेन्शन ग्राफ्ट, तो पडद्यालाच पुढे वाढवून शिवतात आणि कमानी त्यावर बसवतात. शेंडा किती पुढे, किती वर, नाक किती लांब हे सगळं त्यात सर्जनच्या हातात राहतं आणि ते टिकतं, पण शेंडा कडक होतो, आणि पट्टी मधोमध बसली नाही तर शेंडाच तिरका जातो. हा ग्राफ्ट टेकायला पडदा घट्ट हवा. माझा नव्हता, म्हणून आधी बरगडीच्या दोन लांब पट्ट्या दांडीखाली दोन्ही बाजूंना (स्प्रेडर ग्राफ्ट, यांनी आतली अरुंद जागाही रुंदावते), मग पुढे एक जाड उभी पट्टी खालच्या हाडाच्या टोकाशी बांधायची, ती या दोन पट्ट्यांमध्ये अडकवायची आणि त्यावर शेंडा उभारायचा, असा बेत ठरला.

मॅडमच्या केबिनमध्ये कावसजीचं चित्र लावलेलं आहे. इंग्रज सैन्याच्या बैलगाड्या हाकणारा हा माणूस, टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्यात विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका वैद्याने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक लावलं. मेणाचा पातळ पत्रा नाकावर बसवून माप घ्यायचं, तोच कपाळावर ठेवून आखायचं, आणि कातडी चिकटवायला पानात घालतात तो कात. 1794 साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये हे छापून आलं आणि तिकडच्या सर्जनांनी ते उचललं. माझ्याच शहरात हे घडलं याचा मला फार अभिमान वाटला. त्या नाकाला आतून कार्टिलेजचा आधार नव्हता, भोकं उघडी राहावीत म्हणून कापडाच्या वाती घालत. मॅडम म्हणाल्या, कातडीचं काम तेव्हाच उत्तम जमलेलं होतं, आतल्या आधाराचं काम आम्ही अजून सुधारतोय.

आता विमा. आमची सगळ्या कुटुंबाची एकत्र (फॅमिली फ्लोटर) पॉलिसी 2019 ची, म्हणजे वेटिंग पिरियड संपलेला. पण बहुतेक सगळ्या पॉलिसींमध्ये कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते, अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय गरज असेल तर अपवाद असतो. सगळी लढाई त्या अपवादासाठी. हॉस्पिटलच्या पहिल्या एस्टिमेटवर नुसतं "ऱ्हायनोप्लास्टी" लिहिलेलं, 2,85,000 आणि वर 18 टक्के जीएसटी 51,300. मी बिलिंगच्या खिडकीवर विचारलं की जीएसटी कशाचा, तर म्हणाले कॉस्मेटिकला लागतो. बरोबर आहे, लागतो, पण जीएसटीच्या 2017 च्या सूट अधिसूचनेत जन्मजात दोष, वाढीतला दोष, इजा किंवा आघात यामुळे बिघडलेली शरीररचना किंवा कार्य पूर्ववत करण्याला सूट आहे. मॅडमनी लेटरहेडवर तसं लिहून दिलं आणि जीएसटी निघाला. हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, म्हणून एस्टिमेट हातात आलं की प्रत्येक ओळ वाचा.

प्री-ऑथ, म्हणजे विमा कंपनीकडे आगाऊ मंजुरीचा अर्ज, दिवाळीनंतर पाठवलं. 2024 मध्ये विमा नियामकाने कॅशलेसच्या अर्जाला एका तासात उत्तर द्यायचं असा नियम केला आहे, उत्तर आलंही लवकर, पण ते मंजुरीचं नव्हतं, प्रश्नांचं होतं. ऑपरेशन कॉस्मेटिक आहे का, इजा झाली तर एमएलसी (हॉस्पिटलने पोलिसांसाठी केलेली नोंद) किंवा एफआयआर कुठे, त्रास कधीपासून. 1998 साली झोपाळ्याच्या फळीविरुद्ध कोण एफआयआर करणार? मी साध्या कागदावर घटनेचं स्वघोषणापत्र लिहून दिलं. आईने कराडच्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवलेलं होतं, कडा झिजलेल्या, पण "सेप्टल ॲबसेस, ड्रेनेज" (पडद्यात पू, तो काढला) ही ओळ स्वच्छ वाचता येत होती. ते, सीटी रिपोर्ट, दुर्बिणीचे फोटो, नोज स्कोअर आणि मॅडमचं पत्र असं सगळं गेलं. विमा कंपनीने पडद्याचं आणि श्वासाच्या वाटेचं काम मान्य केलं, दांडीच्या आकाराचं काम मान्य केलं नाही. मंजूर 1,12,000. डॉक्टरांना एस्टिमेटमध्ये ही दोन कामं वेगवेगळ्या ओळींत दाखवायला सांगितलं होतं म्हणून निदान एवढं तरी मिळालं, एकत्र असतं तर सरसकट नाकारलं असतं असं हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरचा, म्हणजे विम्याची कागदपत्रं बघणारा मुलगाच म्हणाला.

ऑपरेशन 26 नोव्हेंबर 2024, मंगळवार. त्याआधी दोन आठवडे ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल सगळं बंद. रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, छातीचा एक्स-रे, भूलतज्ज्ञांची भेट. 30,000 डिपॉझिट. नाकातली चमकी काढून ठेवली, नेलपॉलिश काढलं. रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही. सकाळी वॉर्डातल्या मावशींनी माझे केस इतके घट्ट बांधले की डोळे ताणले गेले, आणि हात धरून म्हणाल्या, घाबरू नको बाळा, माझ्या लेकीचं पण झालंय इथे. त्या स्पर्शाने मला खरंच धीर आला.

आत काय झालं ते मॅडमनी नंतर फोटो दाखवून सांगितलं. उजवीकडच्या सातव्या बरगडीचं कार्टिलेज, छातीखालच्या घडीत तीनेक सेंटीमीटरची चीर. काढल्यावर त्या खड्ड्यात सलाइन भरलं आणि भूलतज्ज्ञांनी फुप्फुसात हवा दाबून धरली, बुडबुडे आले तर आवरणाला छिद्र. आले नाहीत. मग पट्ट्या कापून स्टीलच्या वाटीत सलाइनमध्ये अर्धा तास ठेवल्या. बरगडीचं कार्टिलेज बाहेरून ताणलेलं असतं, एका बाजूने कापलं की दुसरीकडे वाकतं, म्हणून दोन्ही बाजूंनी सारखं तासून मधला गाभा वापरायचा, हे 1958 पासून माहीत असलेलं तत्त्व. फोटोत हस्तिदंती रंगाच्या पाच पट्ट्या दिसतात आणि त्यातली एक स्पष्ट वाकलेली. ती बाजूला ठेवली, तिचा छोटा तुकडा करून शेंड्यावर टोपीसारखा थर दिला. पावणेपाच तास लागले.

शुद्ध आली तेव्हा नाक दुखत नव्हतं, छाती दुखत होती. याची मनाची तयारी ठेवा. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, हे सिस्टरनी शिकवलं आणि पहिला आठवडा त्यावरच निघाला. नाकावर प्लास्टर, आत सिलिकॉनचे पत्रे, तोंडाने श्वास, ओठ फुटतात म्हणून जवळ व्हॅसलिन आणि चमच्याने पाणी. गुरुवारी घरी सोडलं. डोकं उंचावर ठेवून उताणं झोपायचं, शिंक आली तर तोंड उघडून, नाक शिंकरायचं नाही. आईचा भात-वरण आणि मुगाची खिचडी, कारण भाकरी चावताना वरचा ओठ ओढला जायचा. डोळ्यांखाली काळंनिळं, मग हिरवट, मग पिवळं.

3 डिसेंबरला प्लास्टर आणि टाके काढले, आतले पत्रेही. पत्रे निघताना फार विचित्र वाटतं पण दोन सेकंदांचं काम. आणि मग हवा. सुजलेल्या नाकातूनसुद्धा दोन्हीकडून थंड हवा आत गेली. आरशात मात्र शेंडा नको इतका वर आणि रुंद दिसत होता आणि माझा जीव धसकला. सूज असते, शेंडा मुद्दाम थोडा वर ठेवतात, तो पुढच्या महिन्यांत खाली स्थिरावतो, हे मला आधी सांगितलेलं होतं तरी ते तीन-चार आठवडे अवघड गेले. त्या काळात फोटो काढू नका, आणि जो कोणी "आधीचंच बरं होतं" म्हणेल त्याच्यापासून लांब राहा.

पुढे रात्री टेप लावणं, सलाइन स्प्रे, सहा आठवडे चष्मा नाकावर टेकवायचा नाही (मी कपाळाला चिकटपट्टीने लावायचे, ऑफिसात वर्क फ्रॉम होम मागून घेतलं). ओठ वरून बधिर, हसू लाकडी, पुढचे दात हाताला लागतात पण जाणवत नाहीत, हे सगळं हळूहळू मार्चपर्यंत परत आलं. मे महिन्यात मावसबहिणीचं लग्न होतं, नऊवारी नेसले पण नथ नाही. दाबाची नथसुद्धा नाकपुडीच्या कडेला चिमटा घेते आणि जड नथ खाली ओढते, मॅडमनी वर्षभर मनाई केली होती. मावशीला हे पटवायला वेळ लागला, शेवटी मीच तिला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून आत काय शिवलंय ते दाखवलं, मग तीच सगळ्यांना गप्प करत होती.

एकूण हॉस्पिटलचं बिल 2,78,000 झालं, 1,12,000 विम्याने, 1,66,000 आम्ही. तपासण्या आणि औषधं मिळून आणखी साधारण 17,000, त्यातली ऑपरेशननंतरची बिलं पोस्ट-हॉस्पिटलायझेशनमध्ये पाठवली, पॉलिसीत त्याची मुदत दिलेली असते ती चुकवू नका, प्रिस्क्रिप्शन आणि बिल दोन्ही मूळ लागतात.

आता नोज स्कोअर 15 आहे. रात्री तोंड मिटून झोपते. छातीचा व्रण घडीत लपतो, थंडीत कधीतरी खेचल्यासारखं वाटतं. खालून बघितलं तर डावी नाकपुडी उजवीपेक्षा जराशी लहान दिसते, ती राहू दे असं मी आणि मॅडमनी मिळून ठरवलं. शेंडा कडक आहे, टॉवेलने तोंड पुसताना तो बाजूला वाकत नाही, मुलगी गालाला गाल लावते तेव्हा तिला सांगावं लागतं हळू. सकाळी अजून थोडी सूज असते, दीड वर्षापर्यंत राहू शकते म्हणाल्या. चमकी परत घातलीय, हलकी. जड नथीचं पुढच्या नोव्हेंबरच्या तपासणीत विचारणार आहे.